अर्धा तोळा उंदीर

बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यांतली निम्मी उंदरांशी भांडण्यात गेली असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ग्रामीण शाखांत जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे मागच्या खोलीत रचून ठेवलेले असत, आणि ऑडिटर येण्याच्या आत उंदीर ते तपासून मोकळे होत. एका शाखेत मी पिंजरा विकत घेण्यासाठी वरच्या कार्यालयाकडे मंजुरी मागितली, तर 'तीन दुकानदारांची कोटेशनं जोडा' असं उत्तर आलं. कोटेशनं जमेपर्यंत आणखी दोन गठ्ठे फस्त झाले होते. पुढे १९९४ साली मी मराठवाड्यात होतो. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे संशयित रुग्ण आढळले, पाठोपाठ सुरतेच्या बातम्या आल्या, आणि आमचा कॅशियर तोंडाला रुमाल बांधून नोटा मोजू लागला. मागच्या खोलीत एक मेलेला उंदीर सापडला त्या दिवशी शिपाई, मॅनेजर आणि खातेदार असे सगळे एकाच दारानं बाहेर पडले. मॅनेजर मीच होतो.

अशा माणसाच्या नातीनं दहाव्या वाढदिवसाला भेट म्हणून उंदीर मागून घ्यावेत, याला काय म्हणायचं?

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी लेकीकडे इंग्लंडला गेलो. ती मंडळी हॅम्पशायर परगण्यात राहतात. विमानतळावरून घरी जाताना गाडीतच जावईबापूंनी घसा खाकरला. ''बाबा, घरात दोन उंदीर आहेत. म्हणजे आम्हीच आणलेत. तुम्हाला आधी सांगितलेलं बरं.'' मी सौ.कडे पाहिलं. तिनं अगदी व्यवहारी प्रश्न विचारला, ''शाकाहारी आहेत ना?'' जावईबापू 'हो' म्हणाले. ते पुढे खोटं ठरायचं होतं, पण ते नंतर.

घरी गेलो तर बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळ, काचेची एक उंच पेटी. लांबीरुंदीपेक्षा उंचीच जास्त. आत गव्हाच्या ओंब्यांची उभी जुडी, बोरूसारखे काही दांडे, वाळलेलं गवत आणि आडव्यातिडव्या काटक्या. उंदीर कुठेच दिसेना. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नात म्हणाली, ''आबा, तू हलू नकोस. ते तुला बघत नाहीयेत, ऐकतायत.'' मी पाच मिनिटं पुतळ्यासारखा उभा राहिलो. मग एका ओंबीच्या टोकाला, माझ्या नाकाच्या रेषेत, एक केशरी-तपकिरी ठिपका हलला. पोट पांढरंशुभ्र, नाक बोथट, कान इवलेसे आणि केसाळ. मागचे दोन पाय आणि शेपटी यांनी ओंबी धरलेली, आणि पुढच्या दोन हातांत दाणा धरून तो जीव खात होता. आपल्याकडे भुईमुगाच्या शेंगा खात बसलेला माणूस दिसतो ना, हुबेहूब तसा.

याचं इंग्रजी नाव हार्वेस्ट माऊस. मराठीत सुगीचा उंदीर म्हणू या. इंग्लंडपासून जपानपर्यंत युरोप-आशियात तो आढळतो. डोक्यापासून बुडापर्यंत पाच ते सात सेंटिमीटर, आणि जवळजवळ तेवढीच लांब शेपटी. वजन चार ते आठ ग्रॅम. सोनेतारणाच्या कर्जात माझी उमेद गेली, त्यामुळे माझ्या डोक्यात ग्रॅमचे तोळे आपोआप होतात. म्हणजे एक उंदीर सुमारे अर्धा तोळा! मंगळसूत्राच्या वाट्या याहून जड असतात.

हा हिशेब आपल्याला पहिल्यांदा सुचला, अशा समजुतीत मी होतो. पण अडीचशे वर्षांपूर्वी याच परगण्यातल्या सेलबोर्न गावी गिल्बर्ट व्हाईट नावाच्या एका धर्मोपदेशकानं तो आधीच करून ठेवला होता. या उंदराची पहिली नीट ओळख इंग्रजांना त्यानं करून दिली, ती १७६७ च्या सुमारास मित्राला लिहिलेल्या पत्रांतून. त्यानं तराजूच्या एका पारड्यात दोन उंदीर ठेवले आणि दुसऱ्यात तांब्याची एक हाफपेनी. पारडी बरोबरीत आली. नाण्यानं उंदीर तोलणारा हा पाद्री मला एकदम आपल्या खात्यातला वाटला. हा या बेटावरचा सर्वांत लहान चतुष्पाद असावा, असा त्याचा अंदाज होता. तो मात्र चुकला, कारण तिथली एक चिचुंद्री याहून हलकी भरते.

आमच्या घरच्या जोडीची नावं स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून ठेवलेली होती, मादी नाचणी आणि नर राजगिरा. रानातून पकडून आणलेले नव्हेत, पिढ्यान् पिढ्या पेटीतच वाढलेल्या पैदाशीतले. रानातले पकडू नयेत, हा नियम नातीनं मला पहिल्याच दिवशी ऐकवला. दुसरा नियम, हात घालायचा नाही. तिसरा, शेपटीला तर कधीच धरायचं नाही, कातडी सुटून येते. मी म्हटलं, ''मग पाळायचे कशाला?'' ती म्हणाली, ''बघायला.''

मला हे काही पटलं नाही. पाळीव प्राणी म्हणजे ज्याला गोंजारता येतं तो. आमच्या वाड्यात मांजर होती, ती पानाशेजारी येऊन बसायची. हे उंदीर कधी माणसाळत नाहीत असं नाही, हातावरून पळतही जातात म्हणे, पण बसत नाहीत. तुमचा हात त्यांच्या लेखी एक जाडशी फांदी, आणि तीही गरम आणि थरथरणारी. जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी कोणी नसताना मी झाकण उघडून हात घातलाच. राजगिरा जागच्या जागी गोठला. भीती वाटली की हे प्राणी एकतर असे गोठतात, नाहीतर सरळ खाली टपकतात आणि गवतात नाहीसे होतात. तो बराच वेळ गोठून राहिला. त्याच्या बरगड्यांची धडधड मला दिसत होती. मी हात काढून घेतला आणि झाकण लावलं. हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही.

पण मग बघण्याची चटक लागली. निवृत्त माणसाला वेळ भरपूर, आणि हे उंदीर दिवसरात्र साधारण तीन-तीन तासांच्या पाळ्यांनी जागतात नि झोपतात. पहाटे आणि संध्याकाळी त्यांची लगबग सर्वांत जास्त. मला वयोमानानं पहाटे चारलाच जाग येते. म्हणून त्यांची पहाटपाळी माझ्याकडे आली.

शेपटीची गंमत काय सांगावी! टोकाकडचा भाग दांड्याभोवती आपोआप गुंडाळला जातो, आणि पाय सुटले तरी तो सुटत नाही. वरून खाली उतरताना नाचणी शेपटीचा ब्रेकसारखा उपयोग करी. ज्या हेन्स्लो नावाच्या प्राध्यापकामुळे तरुण डार्विनला बीगल जहाजावर जागा मिळाली, त्यांनीही हे उंदीर पाळले होते. पिंजऱ्यात ठेवलेल्या झुडपाच्या फांद्यांना ते शेपटीचा विळखा घालतात, हे हेन्स्लोंनी पाहिलं आणि डार्विननं आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या, १८७२ सालच्या आवृत्तीत त्याची नोंद केली. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि मी, दोघंही पेटीपुढे असेच बसलो असणार, ही कल्पना मला त्या पहाटेच्या थंडीत फार ऊब देऊन गेली.

खाण्याचं म्हणाल तर पक्ष्यांच्या दुकानातून एक प्रकारची कणसं आणली जात. सौ.नं एक हातात घेऊन निरखलं आणि ओरडली, ''अगं, हा तर राळा!'' खरंच राळा होता. आमच्या लहानपणी पावसाळ्यात आजी राळ्याचा भात करायची. आता पुण्यात राळा मिळवायला चार दुकानं पालथी घालावी लागतात, आणि इंग्लंडात तो पोपटांना आणि उंदरांना मुबलक! शिवाय सफरचंदाची फोड, उथळ ताटलीत पाणी. आणि आठवड्यातून दोनदा जिवंत अळ्या. अळ्यांचा डबा सौ.ला फ्रीजच्या दारात सापडला, त्या दिवशी जावईबापूंची 'शाकाहारी' ही साक्ष कायमची बाद झाली.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येतो.

जूनच्या मध्याला नाचणी फुगलेली दिसू लागली. राजगिऱ्याला ती जवळ फिरकू देईना, दोनदा त्याच्या शेपटीला चावली. म्हणून त्याची रवानगी दुसऱ्या पेटीत झाली. या जातीत लग्न क्षणाचं, संसार बाईचा. मग तिनं घरटं विणायला घेतलं, आणि तो सोहळा मी पहिल्यापासून पाहिला. नातीनं कुंडीत वाढवलेलं हिरवं गवत पेटीत ठेवलं होतं. नाचणी मागच्या पायांनी दांडा धरून बसायची, एक पात ओढून घ्यायची आणि दातांतून ती उभी चिरत न्यायची. पात बुंध्यापासून तोडायची नाही! चिरलेल्या पट्ट्या एकमेकींत गुंतवत ती स्वतःभोवतीच गोळा विणत गेली. त्यामुळे घरटं हिरवं राहतं, आजूबाजूच्या गवतात दिसत नाही आणि दांड्यांना आपसूक बांधलेलं असतं. आत बारीक चावून मऊ केलेल्या गवताचं अस्तर. दार नाहीच. आत जायचं असलं की पाती बाजूला सारायच्या, बाहेर आलं की पुन्हा मिटायच्या. व्हाईटलाही दार सापडलं नव्हतं. त्याच्या हाती आलेला गोळा क्रिकेटच्या चेंडूएवढा होता, टेबलावर घरंगळला तरी विस्कटत नव्हता, आणि आत आठ उघडी, आंधळी पिलं होती. एवढ्या गच्च गोळ्यात आई सगळ्यांना पाजते कशी, याचं त्याला नवल वाटलं होतं.

सतरा-अठरा दिवसांचं गर्भारपण. एका सकाळी नाचणी घरट्याबाहेर आली ती बारीक होऊन. नात शाळेत निघाली होती, तिनं दप्तर खाली टाकून मला मिठी मारली. ''आबा, तुझं लक्ष राहू दे हं,'' असं बजावून गेली.

तो जून इंग्लंडात विक्रमी उन्हाचा होता. दुपारी खिडकीतून थेट ऊन पेटीवर आलं. काच तापली. मला वाटलं, पिलं भाजतील. पडदा ओढला असता तर काम झालं असतं, पण पस्तीस वर्षं अधिकारी म्हणून काढलेल्या माणसाला पडदा ओढण्यासारखे सोपे उपाय सुचत नाहीत. मी पेटी उचलली, हळूहळू स्वयंपाकघरात नेली आणि सावलीतल्या ओट्यावर ठेवली. आणि स्वतःवर खूश होऊन वामकुक्षीला गेलो.

इंग्लंडातल्या घरांत वॉशिंग मशीन ओट्याखाली असतं. सौ.नं कपडे टाकले. तिला बिचारीला काय कल्पना! पिळण्याच्या फेरीला ते यंत्र कसं धडधडतं हे आपण सगळे जाणतो. सहा-सात मीटरवरच्या पाचोळ्यातली खसखस या उंदराला ऐकू येते. पायांतून त्याला दांड्याची थरथर कळते, कारण गव्हाच्या शेतात एखादा शिकारी बुंध्याशी आला की वर बसलेल्याला तेवढीच सूचना मिळते. नाचणीच्या घरट्याचे सगळे दांडे पाऊण तास थरथरत होते.

संध्याकाळी नात आली तेव्हा घरटं एका अंगानं फाटलेलं होतं. पिलू एकही नव्हतं. नाचणी एका काटकीवर बसून तोंड धूत होती.

काय झालं ते नातीला माझ्याआधी कळलं. ती रडली नाही. ''पेटी कोणी हलवली?'' एवढंच विचारलं. मी सांगितलं. बँकेत माझ्या हातून चुका झाल्या, मेमो घेतले, त्यांची उत्तरंही दिली. पण त्या तीन शब्दांना उत्तर देताना जीभ जड झाली, तशी कधी झाली नव्हती. आधी मी हात घातला होता, तेही त्याच वेळी सांगून टाकलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पहाटे मी पेटीकडे गेलो नाही.

जुलैत एका शनिवारी लेकीनं आम्हाला सेलबोर्नला नेलं. व्हाईटचं राहतं घर आता संग्रहालय आहे. नात गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली होती, पण बागेत उंच गवताशी आल्यावर माझा हात धरून मला थांबवलं. घरटं काही दिसलं नाही. ही घरटी हिवाळ्यात गवत वाळून बसलं की मगच उघडी पडतात, आणि त्यांची मोजणीही बहुधा तेव्हाच करतात. यांत्रिक कापणी आली, शेतांचे झाडीचे बांध गेले, आणि सुगीचा उंदीर सुगीतून हटत बांधाच्या तळाशी, लव्हाळ्यात नि बोरूच्या बेटांत जाऊन राहिला. रानात त्यातले बहुतेक जण काही महिन्यांपलीकडे जगतच नाहीत. घुबडं, कावळे, मांजरं आहेतच, पण सगळ्यांत मोठा वैरी म्हणजे थंड पाऊस.

त्याच महिन्यात दूरदर्शन संचावर विंबल्डन चालू होतं. नातीनं सांगितलं की २००१ साली त्या स्पर्धेतले वापरलेले चेंडू, बारीक भोक पाडून, खांबांवर लावायला दिले होते, या उंदरांना घरटी म्हणून. आमच्याही पेटीत तसा एक चेंडू आला. राजगिऱ्याला तो पसंत पडला. नाचणीनं ढुंकून पाहिलं नाही.

सेलबोर्नहून आल्यावर मी गावच्या वाचनालयात बसून या प्राण्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता विल्यम बिंग्ली या आणखी एका पाद्र्याची हकीकत सापडली. (या उंदरांनी इंग्रज पाद्र्यांना काय भूल घातली होती कोण जाणे.) १८०४ च्या सप्टेंबरात त्याला कोणी एक मादी आणून दिली. पिंजऱ्यात ती व्याली, आठ पिलं झाली. बिंग्लीला वाटलं, ती त्यांना वाढवील. पण पिंजरा तीन-चार मैल वाहून नेताना तिला जो त्रास झाला, त्यानं ती बिथरली आणि पिलं मारू लागली. मी ते पान दोनदा वाचलं. घरी येऊन नातीला सांगितलं.

''म्हणजे त्यांनीपण हलवलं?''

''हो.''

''मग त्यांनी तिला सॉरी म्हटलं का?''

''तेवढं लिहिलेलं मला सापडलं नाही.''

ती विचारात पडली. मग तिला समजेल असं मी सांगायचा प्रयत्न केला. अर्ध्या तोळ्याच्या जिवाला सहा-आठ पिलं पाजायची म्हणजे अंगातलं सगळं दूध होऊन जातं. घर सुरक्षित नाही असं एकदा वाटलं, तर सगळ्यांना उचलून नेता येत नाही, सोडून गेलं तर ती दुसऱ्याच्या तोंडी जातात. ती मागे घेते, आणि जगली वाचली तर महिन्याभरात पुन्हा विते. यात दुष्टपणा नाही. ''पण आबा, ती विसरली असेल?'' याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी तसं सांगितलं. बिंग्लीची ती मादी मात्र पुढे त्याच्याकडे राहिली. गजांवर आपटणारी माशी धरायला तिनं झेप घेतली, तेव्हा हा प्राणी किडेही खातो हे त्याला कळलं. मग तो बोटांत माशी धरून गुणगुणवायचा, आणि एरवी लाजरी असलेली ती दडणीतून धावत यायची. हे ऐकून नात त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली.

ऑगस्टात नाचणी-राजगिऱ्याला पुन्हा काही दिवस एकत्र ठेवलं, मग वेगळं केलं. पेटी जिन्याखालच्या शांत कोनाड्यात, कायमची. सप्टेंबरात दुसरं घरटं विणलं गेलं. ती व्याली हे आम्ही फक्त तिच्या पोटावरून ओळखलं. तिकडे कोणी फिरकायचं नाही, जिन्यावर अनवाणी चालायचं, वॉशिंग मशीन शेजारणीकडे. होय, सौ. बारा दिवस कपड्यांची पिशवी घेऊन शेजारच्या इंग्रज बाईंकडे जात होती. एकीला मराठीच नीट येतं, दुसरीला इंग्रजीच, पण उंदराच्या बाळंतपणावर त्यांचं छान जमलं.

आठ-नऊ दिवसांत पिलांचे डोळे उघडतात. बाराव्या दिवशी पहाटे घरट्याची पाती आतून सरली आणि एक करड्या रंगाचं नाक बाहेर आलं. मी वर जाऊन नातीला उठवलं. आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर, अंगावर एकच गोधडी घेऊन बसलो. एकामागून एक पाच बाहेर आली. चालता येण्याआधी त्यांना चढता येतं. पाचव्याची शेपटी दांड्याला गुंडाळली आणि पाय सुटले, ते क्षणभर उलटं लोंबकळलं. नातीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. आणखी चार दिवसांनी नाचणीनं त्या घरट्याकडे पाठ फिरवली. सोळा दिवसांची पोरं, झाली स्वतंत्र! नातीला ते फार लागलं. माझ्या लेकीला त्यात वावगं काही वाटलं नाही.

दसऱ्याला सौ.नं घट हलवले. घटातल्या पिवळसर गव्हाच्या रोपांचा तुरा माझ्या टोपीत खोचला, जावयांच्या कानात खोचला, आणि उरलेला मातीसकट पेटीत ठेवला. त्या आठवड्याच्या शेवटी आम्ही परतलो.

आपल्याकडेही याचा एक चुलतभाऊ आहे. झाडाझुडपांवर राहणारा, अंगापेक्षा लांब शेपटीचा, रात्री हिंडणारा इवला उंदीर, शेपटीनं फांदी धरणारा आणि गवतापानांचं घरटं करणारा. इतकी वर्षं खेड्यापाड्यांत काढली, पण मान वर करून पाहिलं कोणी! आमची नजर सदा व्हाउचरांच्या गठ्ठ्यांवर.

पेटीत हे उंदीर साधारण दीड-दोन वर्षं जगतात. २०२४ च्या सप्टेंबरात लेकीचा फोन आला की नाचणी गेली. नात फोनवर यायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी आपण होऊन तिनं फोन लावला. बागेत कुठे पुरलं, वर कोणतं गवत लावलं, ते सगळं सविस्तर सांगितलं. राजगिरा कसा आहे म्हणून मी विचारलं. ती फोन घेऊन जिन्याखाली गेलेली कळलं.

''आबा, हळू बोल. तो वर आलाय.''

मग तिकडे ती आणि इकडे मी, बराच वेळ फोन कानाला लावून गप्प बसलो.